भरपगारी कौटुंबिक रजेचा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांच्या गेटवर, बचत गटांच्या बैठकांत, सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण महाराष्ट्राने असा कायदा करावा म्हणून बोलत असतो. गाव बदललं तरी प्रश्न तेच येतात. काही खोचक असतात, काही काळजीपोटी विचारलेले. दर वेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हे. क्रम साधारण लोक ज्या क्रमाने विचारतात तोच ठेवला आहे.

कौटुंबिक रजा म्हणजे प्रसूती रजेचंच नवं नाव का?

नाही. बाळंतपण हा त्यातला एक भाग. घरात मूल जन्मलं, दत्तक आलं, बायको ओली बाळंतीण आहे, आईला अर्धांगवायूचा झटका आला, पोरगं डेंग्यूने दवाखान्यात आहे. अशा वेळी कोणाला तरी घरी थांबावं लागतं, आणि कोणी तरी थांबतंच. त्या दिवसांचा पगार कोण देणार, एवढाच वाद आहे. आज बहुतेक घरांत तो कोणीच देत नाही.

पण आपल्याकडे 26 आठवड्यांची रजा आहेच की! अमेरिकेत तर तेवढीही नाही.

आहे, आणि ती कमी नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 12 आठवडे होते. 1 एप्रिल 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाले, तिसऱ्यापासून 12. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण आठवडे तेवढेच राहिले.

कागदावर जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा आपण पुढे आहोत. फक्त हा कागद कोणाच्या हातात पडतो ते बघा. दुकान किंवा कार्यालय असेल तर किमान 10 माणसं कामाला हवीत. बाईने आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम केलेलं हवं. म्हणजे मालक कोण ते माहीत हवं, हजेरी कुठे तरी लागलेली हवी. धुणीभांडी करणाऱ्या मावशी चार घरची कामं करतात. त्यांचा मालक कोणता? घरी पापड लाटणारी, बिडी वळणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी, शेतात रोजाने निंदायला जाणारी, यांच्यापैकी कोणाला हे 26 आठवडे मिळालेले तुम्ही पाहिलेत?

ऊसतोडीच्या बायकांचा प्रश्न तुम्ही सारखा का काढता? तो वेगळा विषय नाही का?

मला तरी तो हाच विषय वाटतो, फक्त उघड्यावर आलेला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली जाते ती जोडप्याची, पण मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं. दिवाळीच्या आसपास टोळी गाव सोडते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मजुरी टनावर. एखादा दिवस कामावर गेलं नाही की खाडा लागतो: त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड उचलीत धरला जातो. पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते ती हौसेने नाही. बाळंत झाल्यावर काही दिवसांत पुन्हा फडात दिसते, पोर उसाच्या पाचटावर सावलीला. पाळीच्या दिवसांतही खाडा चुकत नाही. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या बाहेर आली तेव्हा 2019 मध्ये राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

आता या बाईला सांगा, 80 दिवस काम केल्याचा पुरावा आण. तिच्याकडे ना नेमणुकीचं पत्र, ना हजेरीपत्रक. रजा घेतली म्हणून पगार कापला जातो इथवर आपल्याला कळतं. इथे रजा घेतली की कर्ज वाढतं.

पैसे कोण देणार? सगळं मालकाच्याच डोक्यावर का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो मालकांनी विचारला की आमच्यातल्या काहींना राग येतो. येऊ नये. प्रश्न रास्त आहे.

भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये बसले होते. चौदा माणसं. अकाउंट्सला एक मुलगी, पगार 24,000. पॅकिंगला दुसरी, पगार 16,000. योगायोगाने दोघीही गर्भार. मालकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पॅकिंगवाली ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत. तिच्यासाठी ते महिन्याला सव्वातीन टक्के, म्हणजे 520 रुपये भरतात, ती स्वतः पाऊण टक्का, म्हणजे 120. तिचा बाळंतपणातला पगार राज्य विमा महामंडळ देणार, मालकांच्या खिशातून वेगळं काही जात नाही. अकाउंट्सवाली ईएसआयच्या बाहेर, कारण तिथली पगाराची मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 21,000 वर आहे. तिचे 26 आठवडे मालकांच्या अंगावर, जवळपास 1 लाख 44 हजार, शिवाय तिच्या जागी माणूस ठेवायचा तो वेगळा. ते म्हणाले, "ताई, कायदा बरोबर आहे. पण चेक माझाच का?"

मी गप्प बसले, कारण त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी ते अकाउंट्सला मुलगाच घेणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मलाही विचारायची गरज वाटली नाही.

म्हणून आमची मागणी रजेच्या दिवसांपेक्षा आधी निधीची आहे. बायका कामाला असोत नसोत, सगळ्या मालकांनी पगाराच्या ठरावीक टक्क्याने भरावं, कामगारांनी थोडं भरावं, सरकारने आपला वाटा घालावा, आणि रजेचा पगार त्या निधीतून मिळावा. मग बाईला नोकरी दिल्याने मालकाचा खर्च वाढत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या 183 क्रमांकाच्या करारातही हेच तत्त्व आहे: हा खर्च एकेकट्या मालकावर टाकू नये. भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आणि हे बाहेरून आयात केलेलं डोकं नाही. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. लोकांचं हित जपणं हे मुळात सरकारचं काम आहे, त्यामुळे हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. मात्र बाईच्या श्रमातून ज्याला फायदा होतो तो मालक पूर्ण मोकळा सुटू शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याचा कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. मालकाचा वाटा कायद्यात आला. सरकारच्या वाट्याची वाट आपण अजून बघतोय.

असंघटित कामगारांचा निधी कसा गोळा करणार? त्यांना तर पगारपत्रकच नसतं.

महाराष्ट्रात हे करून झालेलं आहे. 1969 चा माथाडी कायदा घ्या. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. तरी मंडळात नोंद होते, मजुरीवर लेव्ही बसते, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, रजा यांची सोय होते. एकच कायमचा मालक असलाच पाहिजे, ही अट माथाडींनी पन्नास वर्षांपूर्वी मोडीत काढली.

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर आहे. त्यातून राज्याचं बांधकाम कामगार मंडळ नोंदीत कामगाराला नैसर्गिक प्रसूतीसाठी 15,000 आणि शस्त्रक्रिया झाली तर 20,000 देतं. रक्कम पुरेशी नाही, पण वाट तयार आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही गाळपाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने, अशी रचना ठरलेली आहे. ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी नव्या संहितेत कंपन्यांच्या उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वाटा सांगितलाय. गोळा करायच्या जागा आहेत. त्यातला अमुक हिस्सा रजेच्या पगारासाठी, असं कायद्यात लिहून घ्यायचं राहिलं आहे.

मातृवंदना योजनेचे पैसे मिळतात ना? शिवाय लाडकी बहीण?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5,000 आणि दुसरं मूल मुलगी असेल तर 6,000 मिळतात. 5,000 भागिले 26 आठवड्यांचे 182 दिवस, दिवसाला साडेसत्तावीस रुपये. खुरपणीची बाई एवढ्यावर रोज बुडवून घरी बसेल का, हे तिलाच विचारा. लाडकी बहीण योजनेचा कामाशी आणि रजेशी संबंधच नाही. दोन्ही असू देत. पगाराची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

बापाला कशाला रजा? तो घरी बसून करणार काय?

या प्रश्नावर हॉलमध्ये हमखास हशा पिकतो. हसणाऱ्यांत बायकाही असतात, कारण त्यांनी आपल्या नवऱ्याला पाहिलेलं असतं!

तरी उत्तर देते. सिझेरियन झालेल्या बाईला पहिले काही दिवस उठून बसायला हात लागतो. रात्री दर दोन तासांनी बाळ उठतं. पिवळेपणा जास्त असेल तर बाळाला काचेच्या पेटीत ठेवतात, मग दवाखान्यात एक जण आणि घरी एक जण लागतो. सासू किंवा आई आहे तोवर निभतं. चाकण-हिंजवडीला खोली करून राहणाऱ्या जोडप्याकडे कोण आहे?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. सिक्कीम सरकारने 2023 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आईला 12 महिने आणि बापाला 1 महिना जाहीर केला. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. काही मोठ्या कंपन्या स्वतःहून देतात, बाकीचे आजारपणाची रजा टाकतात आणि साहेबांना खोटं सांगतात. दुसरा मुद्दा मघाच्याच वर्कशॉपचा. रजा फक्त बाईलाच असेल तर मालकाच्या नजरेत बाई हीच अडचण ठरते. स्वीडनने 1974 मध्येच प्रसूती विम्याचं पालक विम्यात रूपांतर केलं. आज तिथल्या 480 दिवसांपैकी प्रत्येकी 90 दिवस आई आणि बाप दोघांसाठी वेगळे राखलेले आहेत. बापाने ते घेतले नाहीत तर बुडतात. बुडतात म्हटल्यावर माणूस घेतो.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मग नवऱ्याची रजा वाया नाही का जाणार?

एका सासूबाईंनी विचारलेला प्रश्न, आणि आतापर्यंतचा सगळ्यात उपयोगी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, तिकडेच सव्वा महिना, कधी तीन महिने राहते. बापाची रजा जन्मानंतरच्या लगतच्या 15 दिवसांना बांधून टाकली तर तो सासुरवाडीला पाहुणा म्हणून बसणार आणि चहा पिणार. खरी गरज पुढे लागते: बाळाला घेऊन ती परत येते तेव्हा, किंवा तिचे 26 आठवडे संपून ती कामावर रुजू होते तेव्हा. म्हणून आमच्या मसुद्यात बापाची रजा बाळाच्या पहिल्या वर्षात, हवी तर तुकड्यांनी घेता यावी असं आहे. हे कलम त्या बाईंमुळे आलं.

आई-वडिलांच्या आजारपणाचं काय?

इथे आपल्या कायद्यातली विसंगती बघण्यासारखी आहे. 2007 च्या कायद्याने वृद्ध आई-वडिलांचा सांभाळ करणं मुलांवर बंधनकारक केलं. टाळलं तर न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. पण त्या सांभाळासाठी खासगी नोकरीतल्या मुलाला किंवा मुलीला कायदा एक दिवसाचीही वेगळी रजा देत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात माझी अर्जित रजा संपली, मग किरकोळ, मग बिनपगारी. त्या महिन्याची पगाराची स्लिप अजून माझ्याकडे आहे, निव्वळ रकमेच्या चौकटीत चार आकडीही रक्कम नव्हती. डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाला काही आठवडे, पूर्ण नाही तरी पगाराचा मोठा हिस्सा मिळेल अशी रजा आम्ही मागतो.

दत्तक मुलासाठी?

2017 च्या दुरुस्तीत दत्तक आईला 12 आठवडे मिळाले, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. दत्तकाची प्रक्रिया ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, एवढं लहान बाळ हातात येणं किती दुर्मीळ. ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला गेली आणि 2026 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. आमची भूमिका साधी: बाळ घरी आलेला दिवस हाच जन्मदिवस धरा, वय काही असो.

याने लोकसंख्या वाढणार नाही का?

महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 आला होता. पगारी रजा मिळते म्हणून कोणी मूल होऊ देत नाही. पुढचा प्रश्न घेऊ.

राज्य सरकारला असा कायदा करता येतो का? की दिल्लीवरच अवलंबून?

येतो. कामगार कल्याण हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा विषय आहे, आणि 24 व्या नोंदीत प्रसूती लाभाचा उल्लेख नाव घेऊन आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरणारी तरतूद असेल तर राष्ट्रपतींची संमती लागेल. केंद्राचा कायदा जिथे गप्प आहे, म्हणजे बापाची रजा, आजारी माणसाची सेवा, दहापेक्षा कमी माणसांची दुकानं, तिथे जागा बरीच मोकळी आहे.

राज्याने आधी करायचं आणि देशाने मग उचलायचं, हे आपल्याकडे घडलेलं आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला, 1977 मध्ये कायदा झाला. देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं. पगारातून महिन्याला कापला जाणारा तो व्यवसाय कर अजूनही तुमच्या स्लिपवर असेल. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुरासाठी भरायचं हे त्या वेळीही अनेकांना पटलं नव्हतं.

संसदेत कोणी प्रयत्न केले का?

केले, आणि ते मराठी माणसांनी केले. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये पितृत्व लाभ विधेयक मांडलं: 15 दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील, आणि खर्चासाठी कामगार, मालक व केंद्र सरकार तिघांच्या वाट्याचा निधी. डिसेंबर 2025 मध्ये सुप्रिया सुळे यांनीही बापाच्या पगारी रजेचं विधेयक लोकसभेत मांडलं. दोन्ही खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली विधेयकं. अशा विधेयकाचा कायदा होण्याची शेवटची वेळ 1970 मध्ये आली होती, त्यामुळे फार आशेने बसू नका. पण मसुदे तयार आहेत आणि आमदारांपुढे ठेवायला ते फार कामी येतात. कोऱ्या कागदाला नेते घाबरतात, छापील कागद वाचतात तरी.

माझा भाचा न्यू जर्सीत आहे. त्याला रजा मिळाली, मग अमेरिकेत नाही असं का म्हणतात?

देशपातळीवर नाही. 1993 च्या कायद्याने 12 आठवडे मिळतात ते बिनपगारी, आणि मोठ्या आस्थापनांतच. पण राज्यांनी आपापले कायदे केले. कॅलिफोर्नियात 2004 पासून पैसे मिळू लागले, न्यू जर्सीत 2009 पासून. तिथे कामगारांच्या पगारातून छोटी कपात होऊन निधी बनतो, त्यातून 12 आठवड्यांपर्यंत पगाराचा 85 टक्क्यांपर्यंत भाग मिळतो, वरच्या मर्यादेसह. आई आजारी असली तरी. एक राज्य पुढे गेलं की काय होतं, याचा हा पुरावा भाच्याकडेच आहे. त्याला सांगा, पगाराच्या स्लिपचा फोटो पाठव. सभेत दाखवायला उपयोगी पडतो.

कायदा होईल तेव्हा होईल. मला आत्ताच राजीनामा मागितलाय, पाचवा महिना आहे.

सही करू नका. तोंडी सांगितलं असेल तर ईमेल करून लेखी विचारा. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या कारणाने काढणं किंवा तिच्या सेवाशर्ती बिघडवणं बेकायदा आहे. कंत्राटावर असलात तरी हिंमत सोडू नका. मुदत संपली तरी हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. रोजंदारीवरच्या बायकांना हा लाभ आहे हे 2000 सालीच दिल्ली महापालिकेच्या खटल्यात ठरलं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून रजेची नोटीस द्या, प्रत ठेवा, आणि जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

आम्ही नेमकं काय करायचं?

तुमच्या आमदारांची वेळ घ्या. पाच-सहा जण जा, त्यात एक तरी बाळंतीण आणि एक तरी छोटा मालक असू द्या. भोसरीचे ते गृहस्थ दोनदा आमच्याबरोबर आले आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकले गेले. निवेदन एका पानाचं ठेवा. मागण्या मोजक्या: राज्याचा निधी, बापाची रजा, आजारी माणसाच्या सेवेची रजा, असंघटितांची मंडळांमार्फत नोंद. "लक्ष घालतो" यावर उठू नका. सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी किंवा अशासकीय ठराव, यातलं काय मांडणार ते विचारा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, तो रस्ता फार कमी लोक वापरतात.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला यायचं असेल तर स्वेटर आणा, आणि लहान बाळ असलेल्यांनी मोर्चात चालू नका. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलीस मोर्चा अडवतात आणि तिथे तासन् तास बसावं लागतं. निवेदन द्यायला शिष्टमंडळ आत जातं, त्यात तुमचं नाव आधी घाला. आणि कोणत्याही कार्यालयात कागद दिलात की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

मी सही केली तर आमच्या साहेबांना कळेल का?

निवेदन आमदारांकडे जातं, कंपनीकडे नाही. तरी भीती वाटत असेल तर सही नका करू. तुमच्या सासऱ्यांना करायला सांगा.